पन्नास चौरस मीटरची कार्यपद्धती

धाराशिव जिल्ह्यात खरीप म्हणजे मुख्यतः सोयाबीन. काढणीचे दिवस आले की उमरग्यापासून परंड्यापर्यंत शिवारात लगबग सुरू होते, आणि त्याच दिवसांत काही निवडक शेतांमध्ये १० मीटर लांब व ५ मीटर रुंद असा दोरीचा चौकोन आखला जातो. त्या चौकोनातले सोयाबीन वेगळे कापायचे, मळायचे आणि तोलायचे. याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. पीकविमा योजनेत एका महसूल मंडळात एका प्रमुख पिकाचे किमान १० प्रयोग घ्यावे लागतात. दहा चौकोन मिळून ५०० चौरस मीटर, म्हणजे जेमतेम पाच गुंठे. या पाच गुंठ्यांवरून साऱ्या मंडळाचे सरासरी उत्पादन काढले जाते आणि मंडळातल्या हजारो शेतकऱ्यांना भरपाई मिळणार की नाही, ते त्यावर अवलंबून राहते.

हा प्रयोग नेमका कसा करायचा, याच्या सूचना मात्र एका जागी मिळत नाहीत. काही केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहेत, काही राज्याच्या शासन निर्णयांत, काही सांख्यिकीच्या जुन्या पुस्तिकांत, तर काही मोबाईलवरच्या ॲपच्या पडद्यांवर. कृषी विस्ताराच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी या विखुरलेल्या सूचना एका ठरावीक साच्यात बसवण्याचे काम करतो आहे. प्रयोगाच्या वेळी साक्षीला उभे राहणारे सरपंच, पोलीस पाटील, प्रगतशील शेतकरी यांना समोर काय चालले आहे ते कळावे, एवढाच त्यामागचा हेतू. हे काम करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. कार्यपद्धतीचा नमुना करताना कृती सहज उतरते, पण त्या कृतीमागचे कारण आणि अडचणीच्या वेळी पाळायचा नियम या दोन गोष्टी गळतात. नुकसान होते ते नेमके या गळालेल्या भागातून. या लेखात हेच उदाहरणांनी मांडायचे आहे.

आण्यांचे पैसे झाले तेव्हा

नमुना बदलणे आपल्याकडे नवीन नाही. गावाच्या पिकाचा अंदाज पूर्वी आण्यांत करीत. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक, आठ आणे म्हणजे निम्मे. यालाच आणेवारी म्हणत. १ एप्रिल १९५७ पासून देशात दशमान नाणी आली, रुपयाचे सोळा आण्यांऐवजी शंभर पैसे झाले आणि कालांतराने आणेवारीची पैसेवारी झाली. आठ आण्यांच्या जागी ५० पैसे आले. ५० पैशांच्या आत पैसेवारी गेली की टंचाईच्या सवलतींचा विचार होतो, हे आज मराठवाड्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

या बदलात मोजपट्टी बदलली, मोजण्याची रीत तीच राहिली. पहिली पैसेवारी नजरअंदाजाचीच असते, मग सुधारित आणि शेवटी अंतिम. सोळांऐवजी शंभर भाग केल्यामुळे आकडा अधिक बारीक दिसू लागला, पण शेताकडे पाहणाऱ्याची नजर त्यामुळे बारीक झाली नाही. ४८ पैसे आणि ५१ पैसे यांत कागदावर मोठे अंतर आहे. बांधावर उभे राहून डोळ्यांनी ते सांगता येत नाही. केंद्राने २०१६ मध्ये काढलेल्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पर्जन्यमान, पेरणीचे क्षेत्र, वनस्पतींची स्थिती, जमिनीतील ओलावा असे निकष ठेवले, त्यामागे हेही एक कारण होते. कोणताही जुना कागद नव्या नमुन्यात घालताना मी हे उदाहरण आठवतो. रकाने नवे झाले म्हणून त्यांत भरायची माहिती नवी होत नाही.

चौकोन एवढाच का?

नजरअंदाजाला उत्तर म्हणून पीक कापणी आली. भारतात तिची शास्त्रीय सुरुवात हबॅक यांनी १९२० च्या दशकात बिहार-ओरिसात भातावर केली. पुढे बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी मोठ्या प्रमाणावर नमुना पाहण्या केल्या. आणि या पद्धतीला आजचे रूप देण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत ते सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. त्याआधी, १९४० च्या दशकात, दिल्लीत काम करताना त्यांनी कापणीसाठी घ्यायचा तुकडा किती मोठा असावा, हा प्रश्न लावून धरला. लहान तुकडे घेतले तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त येते, असे त्यांनी दाखवून दिले.

याचे कारण साधे आहे. दोरीच्या रेषेवर आलेले झाड आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत धरण्याकडे झुकतो. एक मीटर बाजूच्या चौकोनात एका चौरस मीटरमागे चार मीटर काठ येतो. १० बाय ५ च्या चौकोनाचा काठ ३० मीटर आणि क्षेत्र ५० चौरस मीटर. म्हणजे एका चौरस मीटरमागे काठ फक्त ६० सेंटिमीटर. काठ कमी तर काठावरची चूकही कमी.

आता प्रचलित प्रपत्र पाहा. त्यात ‘प्रयोग प्लॉटचा आकार’ असा रकाना असतो आणि समोर ‘१० × ५ मी.’ असे भरलेले असते. एवढेच. आकाराचे कारण कुठे नाही. ज्याला कारण माहीत नाही, त्याला दोरी थोडी सैल पडली तर त्यात काही वावगे वाटत नाही. पण दोन्ही बाजू फक्त पाच टक्क्यांनी वाढल्या, १० चे साडेदहा आणि ५ चे सव्वापाच मीटर झाले, तर क्षेत्र ५५.१२५ चौरस मीटर होते. पीक दहा टक्क्यांनी जास्त दिसते आणि तेवढी भरपाई कमी होते.

साच्याची कलमे

बऱ्याच खाडाखोडीनंतर माझा साचा नऊ कलमांवर स्थिरावला: हेतू, व्याप्ती, माणसे, साहित्य, पूर्वअट, कृती, अडल्यास, नोंद आणि आवृत्ती. शासकीय प्रपत्राला हा पर्याय नाही. प्रपत्र भरायचे ते शासनाचेच. हा साचा त्याच्या शेजारी ठेवून वाचायचा आहे. त्यातली काही कलमे वाचकांपुढे उघडून दाखवतो.

‘माणसे’ हे कलम वरवर सोपे वाटते. पण जुन्या पुस्तिकेत तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक आहेत. आता तलाठ्याचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी, ग्रामसेवकाचे ग्रामपंचायत अधिकारी आणि कृषी सहायकाचे सहायक कृषी अधिकारी झाले आहे. जिल्ह्याचे नावही २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. म्हणून साच्यात मी आधी काम लिहितो आणि मग पद: चौकोन आखणारा, वजन करणारा, साक्षीदार, नोंद तपासणारा. पदनामे बदलत राहतात, कामे तीच राहतात.

‘कृती’ या कलमात एका ओळीत एकच क्रिया असते आणि तिच्याखाली एका वाक्यात कारण. उदाहरणार्थ, चौकोन कुठे आखायचा ही क्रिया घ्या. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून सुरुवात करायची. समजा शेत ८० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद आहे. लांबीतून १० वजा केले की ७० उरतात, रुंदीतून ५ वजा केले की ४०. मग सरमिसळ अंकांच्या तक्त्यातून एक अंक ७० च्या आतला आणि एक ४० च्या आतला घ्यायचा. समजा २३ आणि १७ आले. नैऋत्य कोपऱ्यातून लांबीच्या बाजूने २३ मीटर चालायचे, तिथून काटकोनात आत १७ मीटर जायचे आणि पहिली खुंटी ठोकायची. खाली कारण: जागा माणसाने निवडली तर ओळखीच्या, सोयीच्या किंवा डोळ्यांत भरणाऱ्या पिकाकडे पाय वळतात, अंकाने निवडली की शेतातल्या प्रत्येक भागाला सारखी संधी मिळते. वजाबाकी कशासाठी? चौकोन शेताबाहेर जाऊ नये म्हणून.

पुढची क्रिया काटकोनाची. ३, ४ आणि ५ मीटरच्या दोरीने कोपरा धरायचा. चारही खुंट्या झाल्या की कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण ११.१८ मीटर आले तरच चौकोन बरोबर. शंभर पानी पुस्तिकेतला हा एक आकडा साक्षीदाराच्या हाती आला, तर तो टेपचे एक टोक धरून स्वतः खात्री करू शकतो. त्यानंतर काठाचा नियम: रेषेवरच्या झाडाचे मूळ निम्म्याहून अधिक आत असेल तरच ते आत धरायचे.

‘नोंद’ या कलमात प्रत्येक आकड्याचे एकक आणि तो कोणत्या अवस्थेत घेतला ते लिहायचे असते. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, म्हणून चौकोनातल्या वजनाला २०० ने गुणायचे. तराजूत १०० ग्रॅमचा फरक पडला तर हेक्टरी २० किलोंचा पडतो. आणि ‘वजन’ एवढेच लिहून भागत नाही. ओले की वाळलेले, हेही हवे. समजा ५ किलो दाणे भरले आणि त्यात १८ टक्के ओलावा आहे. १२ टक्के ओलाव्याला ते किती होतील? ५ गुणिले ८२ भागिले ८८, म्हणजे सुमारे ४.६६ किलो. हेक्टरी १,००० किलोंचे ९३२ झाले. ओलाव्याचा रकाना कोरा राहिला तर हे ६८ किलो कागदावर तसेच राहतात, शेतकऱ्याच्या घरात मात्र ते नसतात.

‘अडल्यास’

सगळ्यांत महत्त्वाचे कलम हे. मूळ पुस्तिकांत ते शेवटी, बारीक टीपांत असते आणि प्रपत्रात जवळपास नसतेच.

निवडलेल्या गटात ते पीकच नसेल, शेत चौकोनापेक्षा लहान असेल किंवा पीक आधीच काढून झाले असेल, तर शेत बदलता येते. पण पीक पेरले होते आणि पुराने, पावसाच्या खंडाने किंवा किडीने गेले, तर शेत बदलायचे नसते. प्रयोग तिथेच घ्यायचा आणि जे निघेल ते लिहायचे. शून्य निघाले तर शून्य. पीक कापणीच्या शास्त्रात हा नियम पक्का आहे, कारण सरासरीत बुडालेली शेतेही मोजली गेली पाहिजेत.

प्रपत्रात मात्र ‘गट बदलला का? होय/नाही’ एवढेच विचारले, तर काय होते ते काल्पनिक आकड्यांनी पाहू. एका मंडळात दहा प्रयोग आहेत. आठ शेतांत प्रत्येकी ५ किलो, म्हणजे हेक्टरी १,००० किलो निघाले. दोन शेते पाण्याखाली गेली, तिथे शून्य. सरासरी ८०० किलो. विम्यात उंबरठा उत्पादन असते: मागच्या सात वर्षांतल्या सर्वांत चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढून तिला जोखीमस्तराने, महाराष्ट्रात ७० टक्क्यांनी, गुणतात. समजा ते १,००० किलो आले. घट २०० किलो, म्हणजे २० टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये धरली तर भरपाई १०,००० रुपये. आता ती दोन बुडालेली शेते ‘पीक उपलब्ध नाही’ म्हणून बदलली आणि शेजारची उभी शेते घेतली. सरासरी १,००० किलो, घट शून्य, भरपाईही शून्य. कोणी खोटा आकडा लिहिलेला नाही. दोरी बरोबर, तराजू बरोबर, सह्या बरोबर. फक्त ‘पीक नाही’ या दोन शब्दांत ‘पेरलेच नव्हते’ आणि ‘पेरले होते पण गेले’ हे दोन अर्थ एकत्र झाले.

म्हणून माझ्या साच्यात हा प्रश्न तीन भागांत विचारला आहे. पेरणी झाली होती का? पीक आत्ता उभे आहे का? नसेल तर कशामुळे? या तिन्हींची उत्तरे मिळाल्याखेरीज शेत बदलण्याची ओळ वाचायचीच नाही, अशी सूचना तिथे आहे.

२०२५ च्या खरिपात या प्रश्नाची धार वाढली. महाराष्ट्राने त्या हंगामापासून पीकविमा योजना बदलली. एक रुपयात विमा बंद झाला, शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा सुरू झाला. आणि स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचे नुकसान ही भरपाईची वेगळी दारे मिटली. मंडळाच्या उत्पादनाचा आकडा हाच आधार उरला. काही पिकांना उपग्रहाच्या अंदाजाचाही भारांश आहे, पण शेतात जाऊन तोललेला आकडा पीक कापणीचाच. त्याच वर्षी सप्टेंबरात परंडा, भूम, कळंब या तालुक्यांत पुराने शिवारे धुऊन निघाली. अशा हंगामात ‘अडल्यास’ हे कलम तळटीपेत असणे परवडत नाही.

एक नुकसान, दोन नमुने

नमुने एकमेकांशी जुळले नाहीत तर काय होते, याचा अनुभव या जिल्ह्याने आधीही घेतला आहे. २०२० च्या खरिपात काढणीच्या काळात अतिवृष्टीने सोयाबीनची दाणादाण उडाली. महसूल आणि कृषी यंत्रणेने पंचनामे केले. विम्याच्या नियमात मात्र नुकसानीची सूचना शेतकऱ्याने स्वतः ७२ तासांत द्यायची, असे होते. अनेकांची सूचना त्या मुदतीत गेली नव्हती, म्हणून त्यांना भरपाई नाकारली गेली. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. मे २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. सुमारे साडेतीन लाख शेतकऱ्यांचा प्रश्न त्यात होता. पुढे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला.

न्यायालयीन बाजू बाजूला ठेवून मी याकडे फक्त कागदाच्या दृष्टीने पाहतो. शेत एक, पाऊस एक, नुकसान एक. पंचनाम्याच्या नमुन्यात गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र आणि टक्केवारी. विम्याच्या नमुन्यात सूचनेची तारीख, वेळ आणि अर्ज क्रमांक. एका कागदावरून दुसरा कागद आपोआप भरला जाईल, असा दुवाच दोघांत नव्हता. पंचनाम्यात नुकसानीची तारीख व वेळ आणि विमा अर्जाचा क्रमांक असे दोन रकाने असते, तर एका पाहणीत दोन्ही कामे भागण्याची वाट खुली झाली असती. साचा एकसारखा करण्याचा खरा लाभ असा असतो. कागद देखणा होण्यात काही विशेष नाही. एकाने लिहिलेले दुसऱ्याला वापरता यावे, हे महत्त्वाचे.

गुळगुळीत शब्द

जुन्या सूचना उतरवताना मला सर्वांत जास्त वेळ लागला तो ‘शक्यतो’, ‘योग्य त्या’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘यथावकाश’ या शब्दांपाशी. ‘दाणे योग्य प्रकारे वाळवून वजन घ्यावे.’ योग्य म्हणजे किती दिवस, किती टक्के ओलावा? जिथे मूळ कागदपत्रांत दुसरीकडे आकडा सापडला तिथे मी तो घातला. जिथे सापडला नाही तिथे स्वतःच्या मनाने आकडा घातला नाही. शब्द तसाच ठेवून पुढे चौकट काढली: ‘येथे काय केले ते लिहा.’ साचा करणाऱ्याने मुळातली संदिग्धता लपवली, तर वाचणाऱ्याला तो नियमच वाटतो. ती उघडी ठेवली तर निदान त्या दिवशी काय घडले याची नोंद राहते आणि पुढच्या हंगामात वरिष्ठांकडे प्रश्न नेता येतो.

नऊपैकी शेवटचे कलम ‘आवृत्ती’. हा कागद कोणत्या हंगामासाठी, कोणत्या तारखेच्या निर्णयांवर आधारित आहे, मागच्या आवृत्तीपेक्षा काय बदलले. योजना दरवर्षी थोडी हलते. तारीख नसलेला साचा दोन वर्षांनी चुकीचा सल्ला देऊ लागतो, आणि छापील असल्यामुळे त्यावर विश्वासही बसतो.

साचा तपासायचा कसा?

माझी रीत सोपी आहे. हे काम कधीच न केलेल्या दोन माणसांना कागद द्यायचा, एकाच शेतावर वेगवेगळे उभे करायचे आणि आपण गप्प राहायचे. ते जिथे थांबतात किंवा दोघे दोन वेगळ्या गोष्टी करतात, तिथे कागद अपुरा आहे असे समजायचे. अशाच एका खेपेला एका तरुणाने विचारले, ‘काका, नैऋत्य म्हणजे रस्त्याकडचा कोपरा का?’ तेव्हापासून साच्यात ओळ आहे: ‘मावळतीकडे तोंड करून उभे राहा, डावा हात दक्षिणेला, त्या दोहोंमधला कोपरा धरा.’ दुसऱ्या एकाने लांबी कोणती आणि रुंदी कोणती हे वेडावाकडा बांध पाहून ठरेना, तेव्हा तिथे छोटी आकृती आली. ज्याला पद्धत पाठ आहे त्याला अशा जागा दिसत नाहीत, म्हणून तपासणीला अनोळखी डोळा हवा.

साच्याने सगळे सुटते, असे मी म्हणत नाही. दहा चौकोनांवर मंडळ तोलण्याच्या मर्यादा आहेतच. एकाच मंडळात नदीकाठची काळी जमीन आणि माळावरची बरड जमीन असते, आणि सरासरीत दोन्ही हरवतात. तो प्रश्न प्रयोगांची संख्या आणि विमा घटकाचा आकार यांचा आहे, तो कागदाने सुटणार नाही. पण ठरलेला प्रयोग ठरल्याप्रमाणे झाला का, हे गावाला त्याच दिवशी, त्याच बांधावर तपासता येणे कागदाच्या आवाक्यात आहे. त्यासाठी साक्षीदाराच्या खिशात तीन गोष्टी हव्यात: ११.१८ हा आकडा, ओलाव्याचा प्रश्न आणि बुडालेले शेत बदलायचे नाही हा नियम. हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत या तीन गोष्टी मोठ्याने वाचून दाखवायला पाच मिनिटे पुरतात.